पहिल्या हाकेला

ही गोष्ट मला जशी आठवते तशीच ती घडली, अशी हमी मी देत नाही. आधीच सांगून ठेवतो. चष्मा कुठे ठेवला ते मला आठवत नाही, आणि दहा-अकरा वर्षांपूर्वी जिन्यात ऐकलेला एक आवाज मात्र कालच ऐकल्यासारखा वाटतो. यातलं दुसरं खरं कशावरून? मी आयुष्यभर विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवलं. एका निरीक्षणावरून काही सिद्ध होत नाही, हेच वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. तेव्हा ऐका, पण माझ्या भरवशावर राहू नका.

विषय भैरवीने काढला. मे महिना, लाईट गेलेली, कूलर बंद, म्हणून आम्ही गाद्या घेऊन गच्चीवर आलो होतो. भैरवी माझी नात, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा भाऊ संघपाल इथे नागपुरातच, मिहानमधल्या एका कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो. खाली माझी मेहुणी पुष्पलता झोपायच्या तयारीत होती. तिचे यजमान गेल्यापासून ती आमच्याकडेच राहते. भैरवीने पाण्याच्या बाटलीसाठी तिला नुकतीच हाक मारली होती, आमच्या घरात मारतात तशी, मध्ये श्वास न घेता : "पुष्पाआजी पुष्पाआजी पुष्पाआजी!"

"आबा," बाटली घेऊन वर आल्यावर ती म्हणाली, "आपण पुष्पाआजीला तीनदा काहून हाक मारतो? लहानपणी मला वाटायचं, तिला कमी ऐकू येतं."

"कमी?" संघपाल हसला. "मी रात्री फ्रिज उघडला तरी झोपेतून विचारते, कोण हाये गा? आपल्या घरी सीसीटीव्हीची गरज नाही."

या दोघांची आजी, म्हणजे माझी वत्सला, असती तर तिने मला इथेच थांबवलं असतं. ती आता नाही. मी म्हटलं, "हळू बोला. सांगतो."

"भुताची आहे का?" संघपालने उशी जवळ ओढली.

"आपण दीक्षा घेतलेली माणसं. आपण भूत मानत नाही."

"म्हणजे भुताचीच आहे," भैरवी म्हणाली.

रात्र नक्की आहे. ११ डिसेंबर २०१४, गुरुवार. हिवाळी अधिवेशन चालू होतं, म्हणून लक्षात आहे. संध्याकाळी वत्सलाचा फोन आला. "अवो, येतानी जाड दुलई आना, आन् पुष्पीचे पायमोजे. हिले लय थंडी वाजून राहिली." पुष्पलता त्या दिवशी धंतोलीतल्या एका छोट्या दवाखान्यात भरती झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची गर्भपिशवी काढायची होती. वर्षभर अंगावरून जात होतं, रक्त कमी झालं होतं, आणि सोनोग्राफीत गाठ दिसली होती. गाठ साधी की वाईट, ते पिशवी काढून तपासल्याशिवाय कळणार नव्हतं. तिचे यजमान प्रेमानंद चंद्रपूरला नोकरीत होते, ते रात्रीच्या गाडीने निघणार होते.

मी स्कूटरवर दुलई बांधली आणि निघालो. मोर्च्यांसाठी लावलेले बॅरिकेड अजून उचलले नव्हते, म्हणून वळसा पडला. एवढंच काम होतं. दुलई द्यायची आणि परत यायचं.

दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पोहोचलो तेव्हा आयाबाई साबणाचं पाणी घेऊन पुष्पलताच्या हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवत होती. ऑपरेशनला अंगावर काही चालत नाही. जोडवी निघाली, मंगळसूत्र निघालं, बांगड्या निघाल्या. उजव्या हातातली एक हिरवी बांगडी मात्र अंगठ्याच्या हाडावर अडून बसली.

"फोडते मी," आयाबाई म्हणाली.

"नको वं!" पुष्पलता एकदम ओरडली. "मानूस गाडीनं येनार हाये माहा. रातची गाडी हाये."

वत्सलाने कपाळावर हात मारला. "बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ हायेत हिच्या. शाळेत पोट्ट्याईले विज्ञान शिकवते. आन् बांगडी फोडायले भेते."

"तुह्या नवऱ्याची गाडी असती तं तू फोडली असती का?"

"माह्या नवऱ्याची स्कूटर हाये. फोडून टाक म्हनली असती."

आयाबाईसुद्धा हसली. तिने पांढऱ्या पट्टीची पातळ गुंडाळी घेतली आणि त्या बांगडीभोवती फिरवत फिरवत पूर्ण झाकून टाकली, म्हणजे काच कुठे लागायला नको. वरून चिकटपट्टी लावली. मनगटात पांढरं कडं घातल्यासारखं दिसत होतं.

रात्री दहानंतर पाण्याचा थेंबही नको, असं सांगून नर्स गेली. वत्सला खाली चहा आणायला गेली. मी दुलई पांघरून दिली आणि निघायच्या बेतात होतो.

"भाऊजी," पुष्पलता म्हणाली, "आज तुमी इथंच थांबा. दारात बसा."

"भीती वाटते का? डॉक्टर चांगले आहेत. या ऑपरेशनमध्ये धोक्याचं प्रमाण…"

"तुमचं प्रमाण राहू द्या, भाऊजी. मले ऑपरेशनची भीती नाई." तिने दाराकडे पाहिलं. "रातीले हाक आली तं? मी उठून चालली गेली तं? आई गेली तशी?"

मग मला बसावंच लागलं.

तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पारशिवनीकडच्या एका खेड्यातल्या. १९८८ साली त्यांनाही हाच आजार झाला होता. त्यांना नागपूरला सरकारी दवाखान्यात आणलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. खाटेवर आई, खाटेखाली चादर टाकून सोबतीला वीस वर्षांची पुष्पलता. सकाळी पुष्पलता उठली तर खाट रिकामी. सासूबाई पहाटेच्या गाडीने गावी निघून गेल्या होत्या. कुणी कितीही समजावलं तरी परत दवाखान्याची पायरी चढल्या नाहीत. विचारलं की एवढंच म्हणत, "हाक आली. ओ देल्ली. आता काय?" आम्हाला वाटलं, ऑपरेशनला घाबरल्या. पावसाळा संपता संपता त्या गेल्या.

विचित्र गोष्ट अशी, की रात्रीच्या हाकेला ओ द्यायची नाही, हे मुलींना त्यांनीच शिकवलं होतं. खेड्यात सगळेच शिकवायचे. रात्री कुणी नाव घेऊन बोलावलं तर पहिल्या हाकेला गप्प राहायचं. दुसऱ्यालाही गप्प. माणूस असेल तर तिसऱ्यांदा बोलावतो. 'ते' तिसऱ्यांदा बोलावत नाही. मी जावई म्हणून नवा असताना त्यांना एकदा म्हणालो होतो, "आई, आता दीक्षा घेतली ना आपण?" त्या म्हणाल्या, "घेतली ना, जावईबापू. पन अंधार तं तोच हाये."

"पणजी रॉक्स," संघपाल म्हणाला. पण हळू म्हणाला.

मी दारात खुर्ची टाकून बसलो. दार अर्धं उघडं. पाठीमागे खोली : खाटेवर पुष्पलता, बाकावर वत्सला. पुढे बोळ, आणि बोळाच्या टोकाला जिना. नर्सच्या टेबलावर दिवा होता, पण नर्स नव्हती. खालच्या मजल्यावर एक बाई अडली होती, तिकडे धावपळ चालली होती. मग तीही थांबली. मूल रडल्याचा आवाज आला. मला बरं वाटलं.

मी झोपलो नव्हतो, असं मला वाटतं. दोन वाजून गेले होते. थंडी वाढली. पायांना थंडी वाजत होती, ती जिन्याकडून येत होती. कुणी खालचं दार उघडं ठेवलं असेल, असं मनात आलं.

मग वास आला.

भाजलेल्या तंबाखूचा वास. सासूबाई दात घासायला तव्यावर तंबाखू भाजायच्या, तो. दवाखान्यात कोण तंबाखू भाजणार? मी नाक वर करून हुंगलं. वास पाठीमागून येत होता. खोलीतून.

मी वळणार होतो…

"पुष्पे…"

समोरून. जिन्यातून.

बाईचा आवाज. ओरडून नाही. जेवायला बोलवावं तसा. मायेने.

मी थांबलो. कान जिन्याकडे. दुसऱ्यांदा येईल, म्हणून वाट पाहिली.

आली नाही.

मी मागे वळून पाहिलं. वत्सला झोपेत होती. पुष्पलता उठून बसली होती. डोळे उघडे. तोंडावर हात दाबलेला. अंधारात ती माझ्याकडे पाहत नव्हती. जिन्याकडे पाहत होती.

बोलायचं तर तिचं नाव घ्यावं लागलं असतं…

किती वेळ गेला, सांगता येत नाही. नर्स चपला वाजवत वर आली. वास गेला. पुष्पलता आडवी झाली.

"तुम्ही जिन्यात जाऊन पाहिलं नाही?" भैरवीने विचारलं.

"पाहिलं. नर्स आल्यावर. जिना होता."

सकाळी प्रेमानंद आले. पुष्पलताला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, ऐकलं ना?" मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला आजही ठाऊक नाही.

ऑपरेशन छान झालं. सर्जनबाईंनी बाहेर येऊन स्वतः सांगितलं. तपासणीला पाठवायची पिशवीसुद्धा दाखवली. मी चष्मा काढून पुसत राहिलो. आता अर्ध्या तासात शुद्धीवर येतील, म्हणाल्या.

अर्धा तास झाला. तास झाला.

ऑपरेशन थिएटरला लागून एक छोटी खोली होती. दाराला काच. आत पुष्पलता, शेजारी भूल देणारे डॉक्टर. ते वाकून हाक मारायचे, "पुष्पलताताई, डोळे उघडा." थांबायचे. यंत्राकडे पाहायचे. गालावर हलकी चापट मारायचे. काही नाही. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा. "पुष्पलताताई…" एकदा. थांबायचे. काही नाही.

नाडी ठीक. श्वास ठीक. साखर तपासली, ठीक. औषधाचा अंमल उतरवायचं इंजेक्शन दिलं. तरी डोळे मिटलेलेच. सर्जनबाई परत आल्या. आपसात इंग्रजीत बोलू लागल्या, आणि माझं दुर्दैव असं की मला सगळं समजत होतं. मेंदूचं स्कॅनिंग करावं लागेल. मोठ्या दवाखान्यात हलवावं लागेल. प्रेमानंद भिंतीला हात लावून उभे होते. माझ्या डोक्यात टक्केवाऱ्या फिरत होत्या, आणि प्रत्येक टक्क्यात मला पुष्पलता दिसत होती.

"भूल उतरायला वेळ लागतो काहींना," भैरवी म्हणाली. "आम्हाला शिकवलंय. डिलेड रिकव्हरी."

"बरोबर आहे. मीही तेच म्हणत होतो. पण तुझी आजी काचेला नाक लावून उभी होती. ती म्हणाली, अवो, हिचे ओठ पहा."

पाहिले. ओठ घट्ट दाबलेले होते. इतके, की पांढरे पडले होते. बेशुद्ध माणसाचा जबडा सैल असतो.

"हे बेहोश नाई," वत्सला म्हणाली. "ऐकून राहिली. ओ देऊन नाई राहिली. डॉक्टरसाहेब एकएकदाच हाक मारून राहिले ना!"

आणि ती दार ढकलून आत घुसली. नर्स आडवी आली, तिला बाजूला सारलं. बहिणीच्या कानाशी वाकली.

"पुष्पे पुष्पे पुष्पे!"

एका श्वासात.

"ओ…" पुष्पलता म्हणाली. आणि डोळे उघडले.

त्यानंतरचा गोंधळ काय सांगू! प्रेमानंद एखाद्या पोरासारखे रडले. भूल देणारे डॉक्टर घाम पुसत म्हणाले, "ताई, हे आधी सांगायचं ना. आता मी प्रत्येक पेशंटला तीनदा हाक मारत जाईन, जास्तीचे पैसे न घेता." वत्सला त्यांना म्हणाली, "माह्या बहिणीले मारतानी डबल झापड मारली तुमी, ते मी पाह्यलं." सगळे हसले. मीही हसलो. गोष्ट इथे संपली असती तर ती आपल्या घरातली विनोदी गोष्ट झाली असती.

संध्याकाळी खोलीत आणल्यावर पुष्पलता हळूहळू बोलायला लागली. घसा कोरडा होता. वत्सला ओल्या कापसाने तिचे ओठ पुसत होती.

"ताई, तू हाक मारायच्या आधी मले कोनी दोन हाका मारल्या?"

"डॉक्टर मारत होते ना वं."

"डॉक्टर 'ताई' म्हनत होते. ते मले ऐकू येत होतं. ते नाई." तिने ओठ ओले करून घेतले. "एक जन पायाकडून ओढत होतं… बोलवत होतं, पुष्पे, पुष्पे… लय मायेनं. मले जावंसं वाटत होतं. अन् एका जनीनं माहा हात धरून ठेवला होता. मनगटापाशी. दुखत होतं. सोड म्हनत होती मी, तं सोडत नव्हती. त्याच्यातली आई कोनती होती, ते मले समजलं नाई."

"स्वप्न असतं ते भुलीतलं," मी म्हणालो.

"रातीचं बी स्वप्न होतं का, भाऊजी?"

"रात्री तू तोंडावर हात दाबून बसली होतीस. मी पाहिलं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "मी तं हात दुलईतून काहाडलेच नाई, भाऊजी. थंडीनं आखडले होते."

माझ्या आठवणीबद्दल मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

तेवढ्यात वत्सलाने तिचा उजवा हात उचलला, बांगडीवरची पट्टी सोडवायला. आणि तशीच थांबली. मग तो हात माझ्यापुढे केला.

पांढरं कडं जिथल्या तिथे होतं. चिकटपट्टी तशीच. वेढे तसेच. वत्सलाने दोन बोटांनी दाबलं. ते चेपलं. पोकळ. पट्टीची गोल नळी, आणि आत काही नाही. बांगडी नाही. काचेचा तुकडा नाही. चुरासुद्धा नाही.

मनगटावर मात्र खाली चार, वर एक असे निळे डाग होते.

"थिएटरमध्ये काढली असेल," भैरवी घाईघाईने म्हणाली, "आणि पट्टी परत…"

"मीही तेच म्हणालो. सगळ्यांना विचारलं. आयाबाईला, नर्सला, सर्जनबाईंना. कुणी हात लावला नव्हता. आणि काढायची तर पट्टी कापावी लागली असती. मी भिंग घेऊन पाहिलं. कापलेली नव्हती. पण कुणीतरी मला खोटं सांगितलं असेल. मी आजही तसंच म्हणतो."

"म्हणता," संघपाल म्हणाला.

"म्हणतो."

पुढचे दिवस वाईट गेले. टाके भरत होते, पण ती झोपत नव्हती. तपासणीचा रिपोर्ट यायचा होता. दिवा मालवू द्यायची नाही. कुणी एकदा नाव घेतलं की अंग चोरायची, आणि पुढच्या हाकेची वाट पाहत श्वास रोखायची. प्रेमानंदांनी घरात नियमच केला, तीनदा, न थांबता. रिपोर्ट आला. गाठ साधी होती. काही वाईट निघालं नाही. ती हळूहळू हसायला लागली, शाळेत जायला लागली. नियम मात्र राहिला. तुम्ही तेव्हा शाळेत होतात, तुम्हीही तो उचललात.

"संपली?" संघपालने विचारलं. त्याने उशी सोडली नव्हती.

मला वाटायचं, संपली. मग २०१९ साली आम्ही एका लग्नाला कळमेश्वरला गेलो. मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारी बसून जेवत होती. पुष्पलता तिच्यासमोरून गेली, तशी म्हातारी ताट घेऊन उभी राहिली. वरण साडीवर सांडलं.

"अवं पारशिवनीवाली!" ती म्हणाली. "तू अजून तशीच कशी वं? म्हातारी काहून नाई झाली?"

मीराबाई त्यांचं नाव. १९८८ साली सरकारी दवाखान्यात सासूबाईंच्या शेजारच्या खाटेवर त्या होत्या. समोर आई नसून मुलगी आहे, हे त्यांना समजावायला वेळ लागला. पुष्पलता हसली. आता ती हुबेहूब आईसारखी दिसते, सगळेच म्हणतात. त्यांच्यासाठी दुसरं ताट आणायला ती गेली. मी रिकाम्या खुर्चीवर बसलो.

मी त्यांना नाव सांगितलं नव्हतं. पुष्पलताचं नाव तिथे कुणी घेतलं नव्हतं. मी फक्त विचारलं, त्या रात्री त्या बाई उठून का गेल्या, तुम्हाला काही आठवतं का? त्यांनी सांगितलं. मला खरं वाटेना. थोड्या वेळाने मी तेच वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारलं. उत्तर बदललं नाही. त्यांच्याच शब्दांत सांगतो. हळू, खाली ऐकू जायला नको.

"हाक तं मी बी ऐकली, बापू. जिन्याकडून आली. एकदाच. पन त्या बाईचं नाव नव्हतं घेतलं. 'पुष्पे' म्हनलं. पोरगी खाटीखाली झोपेतच कुलबुलली, तोंड उघडाले गेली. तं माय झटकन खाली वाकली, पोरीच्या तोंडावर हात दाबला, अन् जिन्याकडं पाहून सोताच ओ देल्ली."